थोपटून घेणारा ब्रदर

लोणावळ्याच्या दवाखान्यातला तो ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, लेकरांना तपासणीआधी झोपेचं गोड औषध पाजतो आणि मग स्वतःच मोठमोठ्या जांभया देतो. बाकावरचे नातेवाईक घोरायला लागतात, लेकरू मात्र टक्क जागं! आमच्या नातीचंही तेच झालं. हृदयातलं छिद्र बुजलं का ते बघायचं होतं, आणि ही बया काही निजेना. शेवटी हा ब्रदरच तिच्याशेजारी खाटेवर आडवा झाला. "आता तूच मला थोपट," म्हणाला. थोपटता थोपटता तीच झोपली, त्याची कॉलर मुठीत धरून. डॉक्टरीणबाईंनी मग त्याच्या अंगावरून वाकून तपासलं आणि म्हणाल्या, "आजी, छिद्र बुजलंय." मला हुंदकाच फुटला. तर हा डोळे मिटूनच पुटपुटतो, "मावशी, रडायचं तर भाईर जाऊन रडा. पोर उठंल."