तुरीच्या वावरातली दोन पिल्लं

पुढे माझी सगळी नोकरी वन्यप्राण्यांत गेली, आणि निवृत्त झालो तेव्हा मी एका मोठ्या प्राणिसंग्रहालयाचा प्रमुख होतो. सुरुवात मात्र आर्वीकडच्या एका गावात, गुरांच्या दवाखान्यात झाली. पन्नास सालानंतरची ती वर्षं. बैलांच्या खांद्यांना मलम लावून मी कंटाळलो होतो. प्राणिसंग्रहालयात सहायक डॉक्टर हवा असल्याचं कळलं, अर्ज केला, बोलावणंही आलं. पत्राच्या खाली तिथल्या प्रमुखांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'तुमच्या भागात बिबट्याची पिल्लं मिळाल्यास सोबत आणावीत.'

मुलाखतीला चार दिवस उरले असताना एक शेतकरी बाई डोक्यावर टोपलं घेऊन दवाखान्यात आली. तिच्या बैलाचा पाय मी बरा केला होता, तेवढी ओळख. टोपल्यात गवतावर बिबट्याची दोन पिल्लं होती. डोळे नुकतेच उघडलेले, निळसर.

"तूर कापताना भेटले, जी," ती म्हणाली. "दीर मारून टाकतो म्हणे. म्हणून तुमच्याजवळ आणले."

माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या पत्राचा. नोकरी चालत दारात आली होती.

"बरं झालं, मावशी. मी यांना शहरात नेतो. तिथे दूध मिळेल, देखभाल होईल."

"अन् त्यायची माय?" तिने विचारलं. "सकाळपासून बांधावर फिरून राह्यली. कोणी मजूर वावरात पाय ठेवाले तयार नाई."

मी पिल्लांना कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजू लागलो. एकाने तोंडच उघडलं नाही. ते अंग चोरून, बारीक आवाजात ओरडत राहिलं. बाई दाराशी बसून बघत होती. तासाभराने मीच टोपलं उचललं.

पिल्लं सापडली तिथेच ठेवायची, असं ठरवलं. माणसाचा हात लागल्यावर आई त्यांना घेईल की नाही, मला ठाऊक नव्हतं. विचारायला कोणी नव्हतं. वावरात पोचलो तेव्हा मादी बांधावर दिसत नव्हती; तेवढ्यात आम्ही त्यांच्या अंगाला तिथलीच माती चोळली, टोपलं आडवं केलं आणि दोन वावरं पलीकडच्या, पिकाच्या राखणीसाठी बांधलेल्या उंच माळ्यावर चढून बसलो.

ऊन कललं. पिल्लांचा आवाज येईनासा झाला. मी नको नको ते कल्पू लागलो. दिवस बुडता बुडता तूर हलली. मादी टोपल्यापाशी थांबली, बराच वेळ हुंगत राहिली. मग एका पिल्लाची मानगूट तोंडात धरून नाल्याकडे गेली.

"एकच नेलं," मी कुजबुजलो.

"तिले काय दोन तोंडं हायेत?" बाई म्हणाली. "येईन."

अंधार दाटत असताना ती आली. दुसरंही घेऊन गेली. माझा श्वास मोकळा झाला तेव्हा कळलं, माळ्याचा बांबू मी इतका आवळून धरला होता की बोटं सरळ होत नव्हती. बाईने पदरातली भाकर काढली, मोडून अर्धी मला दिली. इतकी गोड भाकर मी क्वचितच खाल्ली असेल.

मुलाखतीला मी रिकाम्या हातांनी गेलो. प्रमुखांनी पहिलाच प्रश्न पिल्लांचा केला. नोकरी गेली असं धरून मी सगळं सांगून टाकलं. 

"गेल्या वर्षी आमच्याकडे तीन आली होती," ते हळूच म्हणाले. "तिन्ही दगावली. दूध प्यायलीच नाहीत." मग माझा अर्ज पुढे ओढून त्यांनी विचारलं, "रुजू कधी होता?"

परतीच्या गाडीत मला अशी गाढ झोप लागली की वर्धा आल्यावर शेजारच्या गृहस्थांना मला हलवून उठवावं लागलं.