द्रोणातली पॉपी

हैदराबादच्या जामबागेत माझ्या शाळेच्या वाटेवर एक सरकारी कारकून राहत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. राज्यांची पुनर्रचना नुकतीच झाली होती आणि आपण हैदराबादेतच राहणार की मुंबई राज्यात जाणार, हे त्यांना अद्याप कळले नव्हते.

त्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाळ डोंगरांवरच्या पॉपी या फुलझाडाचे दुर्मीळ बी पेरले होते. पॉपीचे मूळ सरळ खोल उतरते. उपटून दुसरीकडे लावलेले रोप सहसा जगत नाही. म्हणून त्यांनी बी पळसाच्या द्रोणांत पेरले. बदली झालीच तर रोपे द्रोणांसकट नेता येतील, हा त्यांचा हिशेब.

रोज सकाळी ते मातीवर बर्फाचे खडे ठेवत, प्रत्येक द्रोणाचा तळ न्याहाळत आणि टपालवाल्यासाठी फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत.

“बघा मास्तर, फुलांना बर्फ आणि मला माठातलं पाणी!” त्यांच्या पत्नी ओसरीवरून म्हणत.

“तू परेशान नको होऊ,” असे म्हणतानाही त्यांची नजर रस्त्यावरच असे.

एके सकाळी ते अंगणात खड्डे खणत होते. कुजलेल्या द्रोणांतून पांढरी मुळे बाहेर आली होती.

“हुकूम आला का?” मी विचारले.

“नाही, मास्तर. पण आणखी थांबलो तर ही मरतील.”

“आणि उद्या बदली झाली तर?”

“मी जाईन. ही राहतील.”

माझाही हुकूम यायचा होता. त्या संध्याकाळी मी दोन महिने बांधून ठेवलेली ट्रंक उघडली आणि पुस्तके पुन्हा फळीवर लावली.