आत्याचे चाळीस धडे

जन्मभर कचेरीत टाइपरायटर बडवलेली आत्या निवृत्तीनंतर अंध मुलींच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आवाज खणखणीत, आणि चुकीला माफी नाही, स्वतःच्या तर मुळीच नाही. एक शब्द अडखळला की अख्खा परिच्छेद पुन्हा. यंदा इतिहासाचे चाळीस धडे तिने तीन महिन्यांत हातावेगळे केले, कारण सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि पुढे आवाज राहील की नाही, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

शुक्रवारी शाळेच्या बाईंनी पेन ड्राइव्ह परत आणून दिला. "ताई, यात पहिलाच धडा आहे हो. परीक्षा तर दीड महिन्यावर आली."

भाच्याने येऊन बघितलं. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स त्यानेच घालून दिलं होतं, वहीत चार ओळीही लिहून दिल्या होत्या: ड्राइव्ह लाव, माउंटची आज्ञा देऊन तो 'पेन' फोल्डरला जोड, त्या फोल्डरमध्ये धडा टाक, अनमाउंट करून काढ. त्याने ड्राइव्ह माउंट केला. फोल्डरमध्ये एकच धडा.

"बाकीचे उडाले, आत्या. पुन्हा वाचावे लागतील." एवढं बोलून तो घाईघाईने कामावर गेला. उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं!

आत्या घाबरली, नाही असं नाही. पण रडत बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिने गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, धडा दुसरा उघडला आणि ठरवलं, आवाज जाईस्तोवर वाचायचं. मात्र या वेळी वहीतली प्रत्येक ओळ पहिल्यापासून पाळायची. म्हणून तिने आधी ड्राइव्ह अनमाउंट करून काढून ठेवला. टाइप केलेली ओळ परत वाचायची जुनी खोड. ड्राइव्ह नीट निघाला का बघायला तिने 'पेन' फोल्डरची यादी मागितली; तो आता रिकामा असायला हवा होता.

एकोणचाळीस धडे ओळीने उभे होते.

तिने भाच्याला फोन लावून हे सांगितलं.

"अगं, रोज माउंट करत होतीस ना?"

"पहिल्या दिवशी केलं की. टाइपरायटर एकदा टेबलावर मांडला की रोज सकाळी थोडाच मांडतात?"

भाचा हसत सुटला. "म्हणजे दुसऱ्या दिवसापासून सगळं कॉम्प्युटरच्याच फोल्डरमध्ये गेलं. माउंट केलं की ड्राइव्ह त्याच्यावर बसतो, खालचं झाकलं जातं."

"ट्रंकेत वरचा खण बसवला की तळाचे कपडे दिसत नाहीत, तसं. मग उडाले म्हणून कशाला सांगितलंस?"

फोन ठेवून आत्याने धडे दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले, ड्राइव्ह माउंट केला, सगळे त्यावर टाकले, अनमाउंट केला, पुन्हा माउंट करून मोजले. चाळीस. शनिवारी ड्राइव्ह शाळेत पोचला.

ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच, उरली नुसती कुजबुज. महिन्याभराने ती शाळेत गेली. वर्गात कॉम्प्युटरवर धडा चालू होता. "मी आले गं," ती दारातून कुजबुजली.

पुढच्या बाकावरच्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं. "जरा थांबा हं. आमच्या ताई वाचतायत."

आत्याचे डोळे भरून आले. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि धडा संपेपर्यंत बोलली नाही.