शेवटच्या पायरीवरचं पाणी

काडीवर दोरा गुंडाळताना माझा हात अजून आपोआप सावकाश होतो. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी धुळ्याजवळच्या आमच्या खेड्यात पाऊस झालाच नाही. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं, तेव्हा आम्ही बायका पाण्यातच उतरून घागरी भरायचो. त्या पाण्याला शेवाळाचा वास यायचा. त्याच उन्हाळ्यात माझ्या घोट्यातून नारू निघाला, पांढऱ्या सुतासारखा लांबलचक किडा. शेजारची अक्का तो रोज बोटभर ओढून काडीवर गुंडाळायची. तुटला तर पाय सडायचा. पायाची नुसती आग होत होती. "पाय पानीमा ठेव, बठ्ठी आग जाई," अक्का म्हणाली. मी शेवटच्या पायरीवर बसून पाय बुडवला आणि खरंच सगळी आग गेली, जीव थंडावला. बाजूलाच अक्का घागर भरत होती. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यासकट अर्ध्या गल्लीला नारू झाला. पाणी लागलं की नारू त्यात पिलं सोडतो आणि ती पिण्यातून पोटात जातात, हे एका डॉक्टरांनी मला फार वर्षांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात मात्र मी अक्काला हात धरून त्याच पायरीवर नेलं आणि म्हटलं, "पाय पानीमा ठेव अक्का, बठ्ठी आग जाई."