आधीच फेडलेला नवस

नवस आधी बोलावा, पावला की फेडावा, अशी रीत आहे. मी मात्र जन्माची उतावळी. लेक पंधरा वर्षांची, नववीला दुसऱ्यांदा बसलेली. सहामाहीत गणित सुटलं नाही तर दाखला घेऊन जा, असं शाळेनं तोंडावर सांगितलं होतं. मी बंगळुरात मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीतल्या गणपतीला लोण्याचा अलंकार, म्हणजे मूर्ती लोण्यानं मढवायचं, बोलले. तो धनुर्मासाच्या थंडीतच होतो आणि तारखा फार आधी भरतात, म्हणून परीक्षेआधीच तारीख नक्की करून टाकली. देवाला असं बांधून घेतल्यावर तो जाणार कुठे, हे माझं शहाणपण!

निकाल लागला तो नेमका अलंकाराच्या आदल्या दिवशी. गणितात शंभरापैकी अकरा. मी तिला नको नको ते बोलले. ती उलट बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं गुणपत्रिका नीट घडी करून दप्तरात ठेवली आणि मला त्याचीच भीती वाटली. आता हिचं पुढे काय, या विचारानं जेवण गेलं नाही.

तरी सकाळी लोणी घेऊन दोघी देवळात गेलो. पुजारी भट्टरांनी कौतुकानं विचारलं, अलंकार कशाबद्दल? मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात लेक म्हणाली, "मी पास झाले म्हणून. पण मी नापास झालेय."

भट्टर मनापासून हसले. "परवागिल्ला अम्मा, चालायचंच. लोणी तर नापास झालेलं नाही ना?"

त्यांचे मदतनीस भाऊ तापानं पडले होते. म्हणून मंडपातल्या उत्सवमूर्तीजवळ त्यांनी लेकीलाच बसवलं. बर्फाच्या पाण्यातून लोण्याचे गोळे काढून द्यायचे, एवढंच काम. पण सोंड काही टिकेना. तिसऱ्यांदा ओघळली तेव्हा लेकीनं न विचारता हात पुढे केला आणि पातळ थर देत, प्रत्येक थर थंड पाण्याच्या हातानं दाबत सोंड वर चढवली. वर नखानं सुरकुत्याही काढल्या. तासभर ती जागची हलली नाही. पुस्तकापुढे दहा मिनिटं न टिकणारी माझी पोर!

दर्शनाला आलेल्या एका अनोळखी बाईंनी सोंड कुणी केली म्हणून चौकशी केली. त्या येलहंक्याला मातीकाम शिकवत. बस चुकली म्हणून सहज देवळात शिरल्या होत्या. दहावी घरी अभ्यास करून, थोडे थोडे विषय घेऊनही देता येते, हे मला त्यांनीच सांगितलं. सकाळी त्यांच्याकडे माती, दुपारी पुस्तक, असं त्यांनी तिथेच ठरवूनही टाकलं. ती बस का चुकली, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी हात जोडते.

दोन वर्षांनी लेक दहावी झाली, गणितात अडतीस! मी पेढे घेऊन देवळात धावले आणि भट्टरांकडे पुन्हा अलंकाराची तारीख मागू लागले. लेकीनं माझा हात धरला.

"आई, तो नवस आपण आधीच फेडलाय. आता नुसती बस."

मग मी पहिल्यांदाच काही न मागता, काही न ठरवता त्याच्यासमोर बसले.