मर्सीच्या नावाचा घास

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा ठेवायला उठून जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. हे मात्र माझ्याच घरात, भर दुपारी घडलंय... आणि त्यात माझी लाज निघते, म्हणून नाव देत नाही.

आमचं गाव चुडाव्याजवळ, पूर्णा तालुक्यात. घरात नवरा, सासरे आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला, शाळा माहीत नाही. मी एम.ए. इंग्लिश, घरी बसून टायपिंगची कामं करते. मागच्या वर्षी अमेरिकेतल्या एका ऐंशी ओलांडलेल्या बाईंचं काम मिळालं. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती तेव्हा त्यांचा मूळपुरुष जहाजाने तिकडे जाऊन वसला होता. त्याच्या घराण्याच्या जुन्या कागदांचे फोटो यायचे, मी वाचून टाईप करायचे. बाईंना स्वतःला नीट दिसत नव्हतं. त्याचं पुस्तक होणार होतं.

एका पानावरची शाई पार फुटली होती. दोन दिवस डोळे फोडून एवढंच लागलं — मुलगी मर्सी, वय आठ, पहिल्याच हिवाळ्यात थंडीने गेली. पुढचं काही लागेना. मला कंटाळा आला होता, खरं तेच सांगते. मी ते पानच गाळलं.

आठवड्याने बाईंचा मेल आला. ‘माझी आजी सांगायची, त्या मूळपुरुषाला एक लहान मुलगीही होती. सापडली का?’ मी लिहून मोकळी झाले — नाही मॅडम, चार मुलगेच होते.

मग सर्वपित्री अमावस्या आली. मामा दरवर्षी आपल्या गेलेल्या माणसांची एकेक नाव घेतात आणि प्रत्येकाच्या नावाने पळसाच्या पानावर खीर-वड्याचा घास ठेवतात. मी वाढत होते. नावं संपली. मामांनी आणखी एक पान ओढलं आणि म्हणाले, “मर्सी.”

माझ्या हातातला डाव खिरीत पडला.

“कोन ओ बाबा ही?” नवरा हसायला लागला.

“ठाव न्हाई. आली तोंडात. आठ वर्साची व्हती... थंडीनं गेली.” मग माझ्याकडे वळून, “तुज्या म्हायेरची हाय का गं कुनी?”

“न्हाई मामा,” मी म्हणाले.

“मंग बिचारीचं कुनीच न्हाई म्हनायचं,” असं म्हणत त्यांनी घास ठेवला.

ते पान मी कधी मोठ्याने वाचलं नव्हतं, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मामांना तर इंग्रजीचं अक्षर कळत नाही.

तरी खरं लिहायला मला दहा दिवस लागले. रोज मेल उघडायचे, बंद करायचे. काम जाईल, आपण खोटारड्या ठरू, हेच डोक्यात. शेवटी पाठवला. उत्तर बाईंच्या मुलीचं आलं. आई मागच्याच आठवड्यात गेली. तुमचं ते पहिलं उत्तर आल्यापासून म्हणायची, आजीने मला लहानपणी उगीच गोष्ट रचून सांगितली.

ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं मी बोलले आणि आळ त्या आजीवर गेला.

मामांच्या तोंडात ते नाव कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. त्यांनाच विचारावं असं कितीदा वाटतं. पण विचारायचं तर त्या दुपारी मी ‘न्हाई’ का म्हणाले, तेही त्यांना सांगावं लागेल... तेवढी हिंमत अजून झालेली नाही.