वजनाला बसलेली दीपमाला

"काकू, तुमचं वजन किती?" धर्मेंद्र डेंटरनं विचारलं.

"पन्नास असंन," दीपमाला म्हणाली.

"तुमचा गोपाल सत्तर किलोचा हाये. तुमी जेवता का नुसता भाजीचा वास घेता?" असं म्हणत त्यानं वाळूची एक पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. दीपमालाला हसू आलं. बऱ्याच दिवसांत तिची कुणी अशी थट्टा केली नव्हती.

ती बसली होती जुन्या फियाटमध्ये, चालकाच्या जागेवर. गाडी चालवणं तिला येत नव्हतं. लग्न होऊन नांदगाव खंडेश्वरहून ती बडनेऱ्याजवळच्या या माळ्यांच्या घरात आली, त्यानंतर दोनेक वर्षांनी नवऱ्यानं, उत्तमरावांनी, ही गाडी धामणगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. मागची सीट काढून ते शेवंतीच्या टोपल्या अमरावतीच्या बाजारात न्यायचे. दीपमाला शेजारी बसायची, मांडीवर हारांची परडी घेऊन. बी.ए. झालेली लेक फुलं विकते म्हणून माहेरी कुजबुज व्हायची, पण तिला बाजार आवडायचा. तिथं दिवसभर कुणी ना कुणी बोलायचं.

उत्तमराव चार वर्षांपूर्वी गेले. मुलगी वर्षाली लग्न होऊन पुण्याला. उरला मुलगा गोपाल, आणि तो घरी फक्त झोपायला यायचा. त्यानं वडिलांच्या गाडीत भलतंच दांडगं इंजिन बसवलं होतं आणि तो शर्यतीत उतरायचा. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ चारशे मीटर. तेवढीच शर्यत. दीपमालाला वाटायचं, एवढ्याशा रस्त्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा?

पण त्या रस्त्याची तिला भीती बसली होती, ती एका शर्यतीपासून. दिवा हिरवा झाला, मागच्या रुंद टायरांनी रस्ता धरला, गाडीचं नाक वर आलं आणि सगळं अंग पिळवटलं. खिडकीच्या कोपऱ्यापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्यावर एक लांब सुरकुती उठली, चुरगळलेल्या चादरीसारखी. चालकाचं दार चौकटीत अडकलं. गोपाल खिडकीतून बाहेर आला, हसत. दीपमाला हसली नाही. आत जाळ झाला असता तर, एवढंच तिच्या मनात फिरत राहिलं.

धर्मेंद्रनं पत्रा ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, रंग मारला. पुढच्या खेपेला सुरकुती पुन्हा तिथंच.

"वरून कितीबी इस्त्री करा," तो म्हणाला, "हाडंच वाकून राहिले तर कातडं काय करन?"

मग त्यानं आणि गोपालनं गाडीच्या पोटाखाली दोन्ही बाजूंनी जाड पाइप जोडले, पुढची चौकट मागच्या चौकटीला बांधली. आत लोखंडी पिंजरा बसवला. जिथं पत्र्याला पत्रा जुळतो तिथं मधे मधे वेल्डिंगचे जास्तीचे टाके घातले. सगळं झालं आणि गाडी खाली उतरवली, तर दार लागेना. गाडी मधोमध जॅकवर उचलून काम केलं होतं. दोन्ही टोकं खाली लोंबलेली, आणि त्या लोंबलेल्या अंगालाच त्यांनी पोलाद जोडून पक्कं करून टाकलं होतं. गोपालनं कपाळावर हात मारला. सगळे पाइप कापून काढावे लागले.

आता गाडी चार चाकांवर उभी होती, गॅरेजातल्या खड्ड्यावर, जशी रस्त्यावर उभी राहते तशी. पेट्रोलची टाकी काढून बाहेर ठेवलेली, गाडीच्या तळावर ठिणग्यांसाठी ओली पोती. आणि चालकाच्या जागी चालकाएवढं वजन.

"मंग वाळूचीच पोती ठेवा ना," दीपमाला म्हणाली होती.

"पोतं दार उघडून सांगते काय?" गोपाल म्हणाला. "दर टाक्यानंतर तू आतून दार उघडायचं, लावायचं. अडलं तर सांगायचं. उठायचं नाई."

म्हणून ती बसली. गोपाल खाली खड्ड्यात, पाठीवर. धर्मेंद्र पलीकडच्या बाजूला. एक टाका डावीकडे, मग थांबायचं, पत्रा निवू द्यायचा, मग एक टाका उजवीकडे. चरचर आवाज व्हायचा, पायाखाली ऊब लागायची. काळ्या चष्म्यातून तिला काहीच दिसत नव्हतं. फक्त तळाखालून मुलाचा आवाज यायचा.

"दार."

ती दार उघडायची, लावायची. "मोकळं हाये."

धर्मेंद्र चहा सांगायला गेला. पत्रा निवत होता. दोघंच होते, मधे लोखंड.

"आई," खालून आवाज आला.

"काय रे?"

"रविवारी अकोल्याले कोइंबतूरचा एक जन येऊन राहिला. मोठं गॅरेज हाये त्याचं, शर्यतीच्या गाड्यांचं. तो म्हनते, इंजिन कोनीबी फुगवते, सुटल्यावर गाडी सरळ राहते का ते पाहीन. सरळ राहिली तर मले तिकडं घेऊन जाईन. गाडीसकट."

दीपमालानं हातातल्या स्टिअरिंगकडे पाहिलं. "किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाई व. राहायलेच."

तोंडासमोर असता तर हे तो बोलला नसता, हे तिला कळलं. आणि तोंडासमोर असता तर तिलाही चेहरा सांभाळावा लागला असता. ती वाळूच्या पिशवीवर हात ठेवून बसून राहिली. धर्मेंद्र चहा घेऊन आला. चहा झाला. पुन्हा चरचर झाली, डावीकडे, दाराच्या अगदी खाली.

"दार."

दीपमालानं कडी ओढली. दार हललं, आणि खालच्या कोपऱ्यात घासलं. तिनं पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा घासलं.

"अडून राहिलं," ती म्हणाली.

मग गोपाल म्हणाला, "अडते?"

"हाव. खाली घासते."

"आत्तापर्यंत बरं मोकळं होतं. मी सांगतलं अन् अडलं?"

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा हात कडीवरच राहिला. "गोपाल, मी कायले खोटं बोलू?"

"हे कापलं तर उद्या रंग होत नाई, रविवार जाते. तुले तेच पाह्यजे."

"तोंड सांभाळ बे," धर्मेंद्र म्हणाला. "माय हाये तुई." तो गुडघ्यावर बसला आणि दाराच्या फटीतून करवतीचं पातं सरकवत नेलं. वरून सरसर गेलं, खाली येऊन थांबलं. त्यानं ते तसंच अडकलेलं सोडून दिलं. "ये, पाह्य. टाका लांब मारला तू. पत्रा ओढला."

गोपाल खड्ड्यातून वर आला. पातं पाहिलं. आईकडे पाहिलं नाही. ग्राइंडर उचलला आणि पुन्हा खाली उतरला.

तिला घरी जाता आलं असतं. पिशवी बाजूला ठेवायची आणि उठायचं, कुणी अडवलं नसतं. पण ती उठली तर गाडी हलकी होणार, काम पुन्हा वाकडं जाणार, आणि त्या वाकड्या गाडीत तो रविवारी बसणारच, हे तिला पुरतं माहीत होतं. ती बसून राहिली. लांब टाका घासून काढला, त्या जागी नखाएवढे टाके घातले, एक इथं, एक तिथं. दर वेळी ती दार उघडायची आणि म्हणायची, "मोकळं." संध्याकाळी तिनं पाय जमिनीवर ठेवले तेव्हा त्यांना मुंग्या आल्या होत्या. धर्मेंद्रनं हात दिला.

रंग मारायचा त्यांनी सोडूनच दिला. रविवारी गाडी तशीच अकोल्याला गेली, टाक्यांच्या जागा काळ्या. शहराबाहेर कुणीतरी प्लॉट पाडून सरळ डांबरी रस्ता करून ठेवला होता. वस्ती आलीच नव्हती, खांब होते, घरं नव्हती. क्लबवाल्यांनी परवानगी काढून तिथं शर्यत ठेवली होती.

दिवा हिरवा झाला. नाक वर आलं. दीपमालानं डोळे मिटले नाहीत. गाडी आडवी-तिडवी न होता सरळ निघून गेली.

गोपाल परतला तेव्हा सगळे वेळेच्या पाटीकडे धावले. दीपमाला गाडीच्या मागच्या बाजूला गेली. खिडकीच्या कोपऱ्यापासून चाकापर्यंत तिनं तळहात फिरवला. एकदा, मग पुन्हा, सावकाश. पत्रा गरम होता आणि गुळगुळीत. दुसऱ्यांदा हात फिरवताना तिच्या लक्षात आलं, आपण सुरकुती शोधतोय. एक लहानशी तरी. तिनं हात पदराला पुसला.

गोपाल दार उघडून बाहेर आला, एका हातानं, सहज. तिच्याजवळ येऊन उभा राहिला. पलीकडे कोइंबतूरचा माणूस वाकून गाडीखाली पाहत होता.

"त्या दिवशी मी..." गोपाल म्हणाला.

"राहू दे."

"मंग जाऊ ना?"

"जाय," दीपमाला म्हणाली. "जेवत जाजो येळेवर."

गाडी ट्रकवर चढवायची होती, बोलणी व्हायची होती. गोपाल अकोल्यातच थांबला. दीपमाला रेल्वेनं एकटी बडनेऱ्याला उतरली आणि स्टेशनबाहेर ऑटो केला. ऑटोवाला बोलका होता. पोरगी नववीत आहे, गणित जमत नाही, असं सगळं सांगत होता. शेवंतीच्या वाफ्यापाशी त्यानं ऑटो थांबवला आणि मागचं अंधारं घर पाहिलं.

"इथंच सोडू, काकू? घरी कोनी हाये न?"

"हाये," दीपमाला म्हणाली, आणि तो वळून दिसेनासा होईपर्यंत वाफ्याच्या कडेला उभी राहिली.